मादी तरसाचं शरीर: नागपुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, तरी रविवारी सकाळी अंबाझरीच्या बाजूला पोरांना पक्षी दाखवायला जाते आणि कुणी बोलावलं तर शाळेत, महिला मंडळात, नर्सिंगच्या मुलींसमोर बोलते. ठिपक्यांच्या तरसाचा विषय निघाला की सभागृहात आधी हसू फुटतं, मग शांतता होते. खरे प्रश्न येतात ते कार्यक्रम संपल्यावर, चहाचा कप हातात घेऊन, आवाज खाली करून. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले, की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. अवयवांची नावं जशी आहेत तशीच लिहिली आहेत. ज्या विषयात शरीर हाच मुद्दा आहे, तिथे आडपडदा ठेवला तर काहीच कळत नाही.

मॅडम, तरसाच्या मादीला नराचं लिंग असतं म्हणे. खरं का?

नाही. तिला जे असतं ते तिचं स्वतःचं असतं. सस्तन प्राण्यांच्या प्रत्येक मादीला शिश्निका (क्लिटोरिस) असते. गर्भात ज्या उंचवट्यापासून नराचं शिश्न घडतं, त्याच उंचवट्यापासून मादीची शिश्निका घडते. बहुतेक प्राण्यांत ती लहान राहते. ठिपक्यांच्या तरसाच्या मादीत ती वाढत जाते, लांबीला नराच्या अवयवाच्या सुमारे ९० टक्के होते, खाली लोंबते आणि ताठही होते. पुस्तकांत तिला 'आभासी शिश्न' म्हणतात. मला तो शब्द फारसा आवडत नाही. आभासी म्हटलं की कशाची तरी नक्कल केल्यासारखं वाटतं. तो अवयव खरा आहे, मादीचा आहे आणि मादीचीच कामं करतो. पण शब्द रूढ आहे, म्हणून खाली कुठे कुठे वापरला आहे.

आतून नेमकी रचना कशी असते?

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण चित्र काढल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही.

आपल्या ओळखीच्या बहुतेक माद्यांत, म्हणजे कुत्रीत, मांजरीत, गायीत, शेपटीखाली योनीचं दार बाहेर उघडतं. ठिपक्यांच्या तरसाच्या मादीला बाहेर उघडणारी योनीच नसते. योनी आत आहे, गर्भाशय आहे, दोन अंडाशयं आहेत, सगळं जागच्या जागी. फक्त आतला मार्ग बाहेर येताना मूत्रमार्गाला मिळतो, आणि ती एकच नळी शिश्निकेच्या लांबीतून जाऊन तिच्या टोकाला उघडते. लघवी तिथूनच, नराशी मीलन तिथूनच आणि पिल्लाचा जन्मही तिथूनच.

ज्या जागी भगोष्ठ, म्हणजे योनीच्या दाराच्या दोन कडा, असायला हवेत तिथे ते दोन्ही बाजूंनी जुळून एक पिशवी झालेली असते. तिच्यात चरबी आणि संयोजी ऊती भरलेली असते. लांबून पाहणाऱ्याला ती वृषणकोशासारखी दिसते. तिच्यात वृषण मात्र नसतात.

सस्तन प्राण्यांत शिश्निका मोठी असणाऱ्या माद्या आणखीही आहेत. पण तिच्यातून पिल्लाला जन्म देणारी मादी ही एकच.

आपल्याकडच्या तडसाचंही असंच असतं का?

विदर्भातला हा सगळ्यात नेहमीचा प्रश्न, आणि उत्तर साफ 'नाही' असं आहे. आपल्या रानातलं तडस म्हणजे पट्ट्यांचं तरस. त्याची मादी इतर मादींसारखीच असते, योनीचं दार बाहेर, बाळंतपण साधं. नर-मादी आकारानेही साधारण सारखे.

तरसाच्या कुळात आज चारच जाती उरल्या आहेत. ठिपक्यांचं तरस, पट्ट्यांचं तरस, दक्षिण आफ्रिकेकडचं तपकिरी तरस आणि वाळवी खाऊन जगणारं लहानसं आर्डवुल्फ. या चारांपैकी फक्त ठिपक्यांच्या जातीत ही रचना आहे, आणि ती जात आज फक्त आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला आढळते. म्हणजे हे वळण चारही जातींच्या सामाईक पूर्वजात आलेलं नाही. ठिपक्यांची फांदी वेगळी झाल्यावर ते घडलं असं मानायला हा मोठा आधार आहे.

यात एक बारकावा आहे. पट्ट्यांच्या तरसाच्या पिल्लांमध्ये लहानपणी जननेंद्रियाभोवती काही फुगवटे आणि घड्या दिसतात. नरात मादीसारख्या दिसणाऱ्या आणि मादीत थोड्या वेगळ्या. मोठं होता होता त्या मिटतात. २००७ साली यावर शोधनिबंध आला. ठिपक्यांच्या तरसाशी याची तुलना करू नये, कारण आकार आणि मूळ दोन्ही वेगळं आहे. पण या कुळात शरीराचा हा भाग थोडा लवचीक आहे, एवढं त्यातून दिसतं.

तरस कुत्र्याच्या जातीचं ना?

दिसतं तसं, पण नाही. ते मांजर, मुंगूस, उदमांजर यांच्या बाजूचं आहे.

तरस एक वर्ष नर आणि एक वर्ष मादी असतं, हे आमच्या आजोबांनी सांगितलं होतं.

तुमच्या आजोबांच्या आधी दोन हजार वर्षं रोम आणि ग्रीसमध्येही लोक हेच सांगत होते. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने ही समजूत लिहून ठेवली आहे, आणि अ‍ॅरिस्टॉटलला ती मान्य नव्हती हेही त्याच ठिकाणी नोंदवलं आहे.

अ‍ॅरिस्टॉटलचा भाग मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. इसवी सनाच्या चार शतकं आधी त्याने म्हटलं, की तरस उभयलिंगी आहे हे खोटं आहे. शेपटीखाली एक खाच असते, ती मादीच्या अवयवासारखी दिसते, म्हणून बघणारे फसतात. तो बोलत होता पट्ट्यांच्या तरसाबद्दल, आणि ती खाच म्हणजे गुदद्वाराजवळची गंधाची पिशवी. गवताच्या काडीला तरस जो चिकट वास लावून जातं तो त्याच पिशवीतून येतो. म्हणजे आपल्या तडसाबाबत अ‍ॅरिस्टॉटल अगदी बरोबर होता. ठिपक्यांचं तरस त्याने तपासलंच नव्हतं.

ठिपक्यांच्या मादीचं नीट विच्छेदन करून वर्णन छापून यायला १८७७ उजाडलं. ते मॉरिसन वॉटसन यांनी केलं. पुढे १९३९ मध्ये हॅरिसन मॅथ्यूज यांनी पूर्व आफ्रिकेतल्या तरसांच्या प्रजननावर सविस्तर लिहिलं, आणि १९६०च्या दशकात हान्स क्रूक यांनी टांझानियातल्या सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोमध्ये जिवंत कळपांमागे रात्र रात्र फिरून त्यांचं वागणं नोंदवलं. आधी अफवा, मग मेलेलं शरीर, आणि सगळ्यात शेवटी जिवंत प्राणी. इतक्या उशिरा आपण तिच्याकडे नीट पाहिलं.

मग नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखायचं कसं?

अवयवाच्या टोकावरून. नराचं टोक निमुळतं, मादीचं बोथट आणि रुंद. पिल्लं झालेली मादी असेल तर सड दिसतात, आणि पहिल्या बाळंतपणाची गुलाबी खूण शिश्निकेवर कायम राहते. मादी नरापेक्षा अंगाने थोडी थोराडही असते.

तरी जाणकार फसतात. जपानमध्ये साप्पोरोच्या मारुयामा प्राणिसंग्रहालयात २०१० पासून एक 'जोडी' पिल्लांच्या आशेने एकत्र ठेवली होती. चार वर्षं ती दोघं नुसती भांडत राहिली. २०१४ मध्ये भूल देऊन तपासलं तेव्हा दोघेही नर निघाले.

अशा रचनेत नर-मादीचं मीलन होतं तरी कसं?

मादीच्या पूर्ण राजीखुशीने, आणि दुसऱ्या कुठल्याही मार्गाने नाही. मीलनाच्या वेळी ती शिश्निका आत ओढून घेते. त्यामुळे तिथे बाहीसारखी पोकळी तयार होते, आणि तिचं तोंड असतं पोटाच्या बाजूला, पुढे. नराला मागून वर चढून, अंग खाली झुकवून, अंदाजाने जागा शोधावी लागते. तरुण नरांना हे जमायला बराच काळ लागतो. मादी स्थिर उभी राहिली नाही, किंवा तिने आत ओढून घेतलं नाही, तर नराला काहीही करता येत नाही.

महिला मंडळात हे सांगितलं की नेहमी कुणीतरी म्हणतं, "म्हणजे तिच्यावर जबरदस्ती होऊच शकत नाही?" हो. या प्राण्यात शरीराचीच रचना अशी आहे, की जबरदस्ती अशक्य आहे. ही रचना त्यासाठीच घडली का, हा प्रश्न वेगळा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

नर बहुधा बाहेरून आलेले असतात, कळपात सगळ्यांत खालच्या पायरीवर. ते मादीजवळ वाकत, मागे सरकत, पुन्हा पुढे येत दिवसचे दिवस घालवतात. मादी निवड करते, आणि एकाच वेतातल्या दोन पिल्लांचे बाप वेगळे असल्याचंही दिसून आलं आहे.

एवढ्याशा वाटेने पिल्लू बाहेर येतं कसं?

हा प्रश्न पहिल्यांदा मला एका सिस्टरने विचारला. त्या वीसेक वर्षं लेबर रूममध्ये काम करत होत्या. चित्र बघता बघता त्यांचा हात तोंडावर गेला. बाकीचे हसत होते, पण त्यांना त्या आकृतीत दिसलं ते बाळंतपण.

गर्भ साधारण ११० दिवस वाढतो. वेतात बहुधा एक किंवा दोन पिल्लं, आणि प्रत्येकाचं वजन एक ते दीड किलो. गर्भाशयापासून बाहेरपर्यंतचा मार्ग सुमारे ६० सेंमी लांब. तेवढ्याच आकाराच्या इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने जवळजवळ दुप्पट. शिवाय तो सरळ नाही. आधी शेपटीच्या दिशेने येतो, मग केसाच्या पिनेसारखा वळसा घेऊन पुढे शिश्निकेत शिरतो. नाळ मात्र जेमतेम १२ ते १८ सेंमीची.

आता हिशेब करा. पिल्लू अर्ध्या वाटेतही पोचलेलं नसतं तोच नाळ ताणून वार गर्भाशयापासून सुटते. वार सुटली की पिल्लाचा प्राणवायू बंद. उरलेला रस्ता त्याला श्वासाविना कापायचा असतो, आणि शेवटची नळी, जी कधीच ताणलेली नाही, ती तर सगळ्यात अरुंद. पहिल्या वेळी शिश्निकेचं टोक फाटतं तेव्हाच पिल्लू बाहेर येतं. अमेरिकेत बर्कलीला अभ्यासासाठी पाळलेल्या तरसांच्या वसाहतीत पहिलटकरणींची निम्म्याहून जास्त पिल्लं मेलेली जन्मली. गुदमरून. काही वेळा मादीही वाचत नाही.

ती फाटलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ती ताणणाऱ्या व्रणाने भरते, आणि त्यामुळेच दुसऱ्या खेपेपासून वाट मोकळी होते. ज्या गुलाबी खुणेवरून आपण 'ही आई झालेली आहे' असं ओळखतो, ती खूण म्हणजे हा व्रण.

त्या सिस्टर नंतर म्हणाल्या, "आमच्याकडे पहिलटकरणीला धीर द्यायला माणूस असतं हो मॅडम." तेव्हापासून हा भाग मी कुठेही गाळत नाही. एकदा एका शाळेत मला ही आकृती वगळायला सांगितलं गेलं, मुलींना लाज वाटेल म्हणून. मी ती दाखवली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की तिला फार दुखत असेल का. लाज मला कुणाच्याच चेहऱ्यावर दिसली नाही.

हे सगळं पुरुषी हार्मोनमुळे होतं ना?

अर्धं हो. उरलेलं अर्धं जास्त विचार करायला लावणारं आहे.

आधी होकाराचा भाग. गाभण मादीच्या अंडाशयातून अँड्रोस्टेनडायोन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, भरपूर तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत, माणसातही, वारेमध्ये अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) जोरात काम करतं आणि अशी संप्रेरकं इस्ट्रोजेनकडे वळवतं. ठिपक्यांच्या तरसाच्या वारेत ते विकर फारच कमी असतं. त्यामुळे अँड्रोस्टेनडायोनचं रूपांतर टेस्टोस्टेरोनमध्ये होतं आणि ते नाळेतून गर्भाला मिळतं, मग गर्भ नर असो वा मादी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे उलगडलं, तेव्हा अनेकांना वाटलं की कोडं सुटलं.

ही माहिती आली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून. लॉरेन्स फ्रँक आणि स्टीफन ग्लिकमन यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात केनियातून तरसाची वीस पिल्लं आणून तिथल्या टेकड्यांवर वसाहत उभी केली. ती २०१४ पर्यंत चालली.

तिथेच पुढचा प्रयोग झाला. गाभण माद्यांना अँड्रोजेनचं, म्हणजे टेस्टोस्टेरोनसारख्या पुरुषी संप्रेरकांचं, काम थोपवणारी औषधं दिली. अपेक्षा अशी, की जन्मलेल्या मादी पिल्लांना साधी योनी असेल. तसं झालं नाही. शिश्निका होतीच. लांबट, ताठ होणारी, आतून नळी जाणारी, आणि पिशवीही होती. फरक पडला तो आकारात. ती थोडी आखूड झाली, तोंड रुंद झालं, ताणण्याची क्षमता वाढली. या माद्या मोठ्या होऊन व्यायल्या तेव्हा त्यांची बाळंतपणं सोपी गेली. त्याच औषधांखाली वाढलेल्या नरांचं शिश्न मात्र मादीच्या वळणाचं झालं, आणि त्यांना मीलन जमेना.

म्हणजे मूळ घडण अँड्रोजेनवर अवलंबून नाही. गर्भात मादीचा हा अवयव वाढू लागतो तेव्हा तिची अंडाशयं अजून नीट तयारही झालेली नसतात. अँड्रोजेन नंतर येऊन शेवटचा हात फिरवतं, टोकाचा आकार आणि नळीची रुंदी ठरवतं. पाया कशाने घातला जातो, तो प्रश्न आजही संशोधकांसमोर उघडा आहे.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. 'मादीत नराचं हार्मोन शिरलं आणि ती नरासारखी झाली' ही कथा ऐकायला सोपी आहे, म्हणून ती टिकते. तिला नराच्या मापाने मोजायचं सोडलं तेव्हाच अभ्यास पुढे सरकला.

पण उत्क्रांतीत असं घडलंच का? इतकी पिल्लं मरत असतील तर निसर्गाने ही रचना टिकवली कशी?

बी. एस्सी.ची मुलं हा प्रश्न विचारतात आणि मला फार बरं वाटतं, कारण प्रश्न अगदी नेमका आहे. पहिली पिल्लं गमावणं ही प्रचंड किंमत आहे. ती वर्षानुवर्षं चुकवली जात असेल, तर दुसऱ्या बाजूला तेवढंच वजनदार काहीतरी असलं पाहिजे. ते काय, यावर चार-पाच मतं आहेत.

पहिलं मत असं, की फायदा आक्रमकपणात आहे, अवयव हा त्याचा ओघाने आलेला परिणाम. ठिपक्यांची तरसं मोठी शिकार करतात आणि पंचवीस-तीस जणं एकाच झेब्र्यावर तुटून पडतात. काही मिनिटांत हाडंसुद्धा उरत नाहीत. तिथे जी आई रेटून जागा मिळवते तिचं पिल्लू जगतं. तरसाच्या पिल्लाची कवटी आणि जबडा पूर्ण मजबूत व्हायला फार वेळ लागतो, त्यामुळे आईला ती जागा दीर्घकाळ राखावी लागते. अशा माद्यांत अँड्रोजेन वाढलं आणि शरीर बदललं. उत्क्रांतीचे अभ्यासक स्टीफन जे गोल्ड यांनी १९८०च्या सुमारास अवयवाला स्वतंत्र उपयोग शोधण्याच्या सवयीवरच बोट ठेवलं होतं, ते याच मुद्द्यावर. प्रयोगाने मात्र हे मत थोडं लंगडं केलं. अँड्रोजेन थोपवूनही अवयव येतोच, तर तो केवळ त्याचा परिणाम कसा?

दुसरं मत अभिवादनाचं. कळपातली दोन तरसं भेटली की शेजारी उलट्या दिशांना तोंड करून उभी राहतात, मागचा पाय उचलतात आणि एकमेकांचा ताठ झालेला अवयव हुंगतात. बहुधा खालच्या पायरीचं तरस आधी पाय उचलतं. इतक्या धारदार दातांसमोर सगळ्यात नाजूक भाग पुढे करणं म्हणजे 'मी तुझ्या वाटेला जात नाही' असं सांगणं. मॅरियन ईस्ट आणि हेरिबर्ट होफर यांनी सेरेंगेटीत यावर बारकाईने काम केलं. अभिवादन महत्त्वाचं आहे यात शंका नाही. पण आधी अवयव आणि मग त्याचा असा वापर, की उलट, हे त्यातून ठरत नाही.

तिसरं मत मार्टिन मुलर आणि रिचर्ड रँगहॅम यांनी २००२ मध्ये मांडलं. या कळपात माद्यांचा सगळ्यात कडवा संघर्ष माद्यांशीच असतो. तेव्हा लहान मादी नरासारखी दिसली, तर मोठ्या मादीचा राग तिच्यावर कमी निघेल. विचार आकर्षक आहे. माझी अडचण एवढीच, की तरसं एकमेकांना वासाने आणि अवयवाच्या आकाराने सहज ओळखतात, मग हा वेश त्यांना किती काळ फसवणार?

चौथं मत नको असलेल्या मीलनापासून संरक्षणाचं. वर सांगितल्याप्रमाणे निवड पूर्णपणे मादीच्या हातात राहते, आणि नरांनी जन्माचा कळप सोडून जाण्यामागेही मादीची ही निवडच आहे, असं न्गोरोंगोरोच्या अभ्यासातून २००७ मध्ये पुढे आलं. मला स्वतःला या मताकडे ओढ वाटते. तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. एखादी रचना आज ज्या कामी येते त्याच कामासाठी ती सुरू झाली, असं उत्क्रांतीत नेहमी नसतं.

आणि एक गोष्ट हिशेबात धरा. पहिलं वेत जातं, पण मादी पुढे कित्येक वर्षं पिल्लं देते आणि त्या खेपा सोप्या असतात. वरच्या पायरीच्या मादीच्या लेकी लवकर व्यायला लागतात आणि त्यांची जास्त पिल्लं जगतात. तराजूचं दुसरं पारडं इथे भरतं.

म्हणजे माद्या टेस्टोस्टेरोनच्या जोरावर राज्य करतात?

नाही. मोठेपणी नराच्या रक्तात टेस्टोस्टेरोन मादीपेक्षा जास्तच असतं. २०१९ साली न्गोरोंगोरो आणि इतर ठिकाणच्या कळपांतल्या हजारो चकमकींवरून दाखवलं गेलं, की जिंकतो तो ज्याच्या बाजूने जास्त जण उभे राहू शकतात तो. माद्या जन्माच्या कळपातच राहतात, आई-मावश्या-बहिणी भोवती असतात. नर एकटा बाहेरून येतो. पोरगी आईची पायरी घेते, आणि बहिणींमध्ये बहुधा धाकटी थोरलीच्या वर बसते, कारण भांडणात आई धाकटीची बाजू घेते.

गर्भातल्या अँड्रोजेनचा थोडा वाटा आहे. वरच्या माद्यांमध्ये गर्भारपणाच्या शेवटी ते जास्त असतं आणि त्यांची पिल्लं जास्त दांडगी निघतात, असं केनियातल्या मसाई मारात २००६ मध्ये दिसलं. तिथे संशोधक के होलेकँप १९८८ पासून पिढ्यान्‌पिढ्या त्याच कळपांच्या नोंदी ठेवत आल्या आहेत.

जुळी पिल्लं जन्मताच एकमेकांना मारतात?

भांडतात, जन्मल्यापासून काही मिनिटांत. डोळे उघडे आणि सुळे फुटलेले घेऊनच ती येतात. एकेकाळी वाटायचं की एकाने दुसऱ्याला मारणं हा नेहमीचाच प्रकार आहे. रानातल्या लांब अभ्यासाने ते बदललं. दूध पुरेसं असेल तर दोघंही वाढतात. शिकार दूर गेली, आई दिवसचे दिवस आली नाही, तर दुबळं पिल्लू उपाशी राहतं. दूध फार दाट असतं आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ त्यावरच भिस्त असते.

दुसऱ्या कुठल्या प्राण्यात असं आहे?

थोडंफार. मादागास्करच्या फोसाच्या मादीची शिश्निका लहान वयात मोठी आणि काटेरी असते, मोठेपणी ती आटते. दक्षिण अमेरिकेतल्या स्पायडर माकडांच्या माद्यांत ती लांब लोंबते. युरोपातल्या चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल नावाच्या बिळवासी प्राण्याच्या मादीत तर अंडाशयाचा काही भाग वृषणासारख्या ऊतीचा असतो. प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

माणसांत असं होतं का?

हा प्रश्न कुणी सगळ्यांसमोर विचारत नाही. विचारतं ते बहुधा कुणाची तरी आई किंवा आजी.

मुलीच्या जन्मावेळी शिश्निका नेहमीपेक्षा मोठी दिसणं, हे माणसांत कधी कधी होतं. त्याचं एक ठळक कारण म्हणजे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात विकार, ज्यात एक विकर कमी असल्याने गर्भात अँड्रोजेन जास्त तयार होतं. यात काही बाळांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातलं मीठ कमी होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून ताबडतोब बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं. लपवून ठेवण्यात बाळाचं नुकसान आहे. औषधं आहेत, आणि अशी मुलं नीट वाढतात. वारेतलं अ‍ॅरोमाटेज कमी पडलं तर आईच्या शरीरावरही खुणा दिसतात, असा फार दुर्मीळ विकारही आहे. तरसाची वार समजून घेताना या विकाराची आठवण येणं साहजिक आहे.

पण त्या बाळाला तरसाची उपमा कुणीही देऊ नये. एक आजार आहे, त्यावर उपचार आहेत. दुसरी एका जातीच्या प्रत्येक निरोगी मादीची रचना आहे.

ठिपक्यांचं तरस हसतं, ते खुशीने?

नाही. मार खाताना, घाबरल्यावर, खाणं हिसकावलं जाताना तो आवाज निघतो.

आमच्या गावाजवळ खदानीत तडस राहतं. लोक म्हणतात ते मुलं उचलतं, प्रेतं उकरतं. काय करावं?

काटोल, उमरेड, रामटेकच्या बाजूने हा प्रश्न येतो. पट्ट्यांचं तडस रात्री एकटं फिरतं. मेलेली ढोरं, हाडं, उरलंसुरलं, जमलं तर छोटं जनावर, शिवाय फळंसुद्धा खातं. माणसाला पाहून ते बाजूला होतं. पाठीवरचे केस उभे करून अंग मोठं दाखवतं, तेही घाबरून. वर जे काही लिहिलं ते आफ्रिकेतल्या त्याच्या लांबच्या भावकीचं. त्यातलं काहीही याला चिकटवू नका, ना मादीच्या शरीराबद्दलचं, ना कळपाने तुटून पडण्याचं.

खदानीच्या कपारीत किंवा नाल्याच्या काठच्या बिळात पिल्लं असतील, तर तोंड दगडांनी बुजवू नका आणि धूर करू नका. मादी त्यांना तिथे महिनोन्‌महिने वाढवते. मेलेलं ढोर गावालगत टाकू नका, म्हणजे तडस आणि मोकाट कुत्री दोन्ही लांब राहतील. जनावर जखमी दिसलं, विहिरीत पडलं, रस्त्यावर गाडीखाली आलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे उपचार होतात. टीम येईपर्यंत गर्दी पांगवा, टॉर्च डोळ्यांवर मारू नका, आणि मोबाइल घेऊन जवळ जाणाऱ्या पोरांना मागे ओढा.